दुधीभोपळ्यासारखा मासा

मी दहा वर्षं मासे सुधारण्याचं काम केलं आणि त्या दहा वर्षांत एकदाही मासा तोंडात घातला नाही. हे वाक्य चारचौघांत बोलले की आधी सगळे हसतात, मग कोणीतरी विचारतंच, "मग चवीचं काय करायचात?" एवढा साधा प्रश्न मला स्वतःला तेव्हा का पडला नाही, हे सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे. उत्तरात माझी शोभा होणार आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे.

माहेर गिरगावातलं, कडक शाकाहारी. सासर त्याहून कडक. सासूबाई अंडं हा शब्दसुद्धा 'ते पांढरं' असा उच्चारत. अठ्ठ्याऐंशीच्या आसपास आम्ही मुंबईतली अर्धी खोली सोडून मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो. तिथे हवा होती, उजेड होता, खिडकीतून खाडीपर्यंत नजर जायची. पाणी तेवढं नव्हतं. टँकर आला की बायका पोरं उचलावीत तशा कळशा उचलून जिन्याने धावत. माझ्याकडे प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. होती. ती डॉक्टरकीला मार्क कमी पडल्यामुळे आलेली होती आणि तिचं पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

अशात आमच्या कॉलेजातल्या एका निवृत्त सरांनी निरोप पाठवला. काशीगावात दामू पाटील नावाचे शेतकरी आहेत, तळ्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, तयार करायचंय, शिकलेलं माणूस हवंय. मी सासूबाईंना सांगितलं, शेतीची नोकरी आहे. मत्स्यशेतीला शेतीच म्हणतात, तेव्हा हे खोटं नव्हतं. खरं काय ते त्यांना माझ्या पिशवीच्या वासावरून चार दिवसांत कळलं. त्यांनी एकच अट घातली, घरात पाऊल टाकण्याआधी आंघोळ. घरात तर आंघोळीला पाणी नाही. म्हणून मी रोज तळ्याशेजारच्या विहिरीवर, नारळाच्या झापांच्या आडोशाला डोक्यावरून आंघोळ करून निघायची. आख्ख्या पूनम सागरमध्ये सगळ्यांत स्वच्छ बाई मासेवाली होती, हे मी आजही अभिमानाने सांगते.

दामूदादा पाटील म्हणजे जुने आगरी शेतकरी. चाळिशी उलटलेली, बोलणं थोडं, आणि सगळा जीव त्या तळ्यात. तळं वाडवडिलांचं, तीन भावांच्या नावावर. दोघा धाकट्यांचा जीव मात्र हायवेच्या कडेने उभ्या राहणाऱ्या इमारतींत अडकलेला. तळं बुजवायचं, जागा बिल्डरला द्यायची, आपण वर फ्लॅट घ्यायचे, असा त्यांचा हिशेब होता आणि काशीगावात तो तेव्हा सगळ्यांचाच होता. दामूदादांनी पहिल्याच दिवशी मला बांधावर उभं करून सांगितलं, "मॅडम, तलाव हाय तवर मी हाय. भावांना दाखवाया पायजे का याच्यात काय तरी हाय. ते तुमी दाखवा." पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, मासा न खाणाऱ्या बाईवर त्यांनी तळं टाकलं. त्यांचं तरी काय चुकलं, सरांची चिठ्ठी होती.

आता धंदा थोडा समजावून सांगते. गोड्या पाण्यातले आपल्याकडचे मुख्य मासे म्हणजे कटला, रोहू, मृगळ, आणि बाहेरून आलेला सायप्रिनस. रोहू-कटला तळ्यात खातात, पितात, वाढतात, पण संसार मांडत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. ते कुठून आणणार? मग त्यांना फसवावं लागतं. माशाच्या मेंदूखाली, कवटीच्या खळग्यात मोहरीएवढी एक ग्रंथी असते. ती दुसऱ्या पोक्त माशाच्या डोक्यातून काढायची, स्पिरिटमध्ये ठेवायची, घोटून पाण्यात मिसळायची आणि त्याचं इंजेक्शन मादीला नि नराला द्यायचं. काही तासांत त्यांना वाटतं, पूर आला. मादीचं पोट हलक्या हाताने चोळलं की अंडी परातीत पडतात, त्यावर नराचं पाणी पिळायचं आणि कोंबडीच्या पिसाने ढवळायचं. मी हे पीस घरी धुवून वाळत घातलं होतं एकदा. सासूबाईंनी ते चिमट्याने उचलून शेजारच्यांच्या गॅलरीत टाकलं.

तर या ग्रंथीसाठी मला माशांची डोकी लागत. भाईंदरच्या बाजारात गोड्या पाण्यातले मासे विकणारे रफीकभाई होते. मला वाटलं होतं, डोकी काय, फुकट मिळतील. आम्ही भाजीची देठं टाकतो तशी ते टाकत असतील. रफीकभाई म्हणाले, "मॅडम, मुंडी देखने को मिलेगी, ले जाने को नहीं. उसका गिराक खडा है." मग आमचा करार झाला. मी त्यांच्या पाटाशेजारी स्टुलावर बसायचं, कवटी मागून उघडून चिमट्याने ग्रंथी उचलायची, आणि डोकं परत द्यायचं. मी बाटलीत ग्रंथी टाकते न टाकते तोच ते डोकं एखाद्या पिशवीत गेलेलं असायचं. बाजारातल्या लोकांना मी करणी करणारी बाई वाटत असे. मला वाटायचं, बिचारे गरीब लोक, मांस परवडत नाही म्हणून डोकी नेतात. ती डोकी स्वस्त नव्हती आणि नेणाऱ्यांत गळ्यात जाडजूड साखळ्या घातलेली माणसं होती, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी खाली मान घालून मोहरी शोधत होते.

पहिली दोन वर्षं बीज निघालं, तळं बरं चाललं, पण भावांवर छाप पडेल असं काही घडलं नाही. तेव्हा माझ्या मनात आलं की आपण नुसते मासे वाढवतोय, मासा सुधारत नाही. मी बारकाईने बघायला लागले. कटला भराभर वाढतो, पण त्याचं डोकं केवढं! अंगाच्या मानाने निम्मा मासा डोक्यातच. सायप्रिनसची गोष्ट वेगळी. तो सहा-आठ महिन्यांतच वयात येतो, मादीचं पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांच्या पिशवीने, तट्ट फुगतं आणि खाल्लेलं सगळं अंड्यांत जातं, अंगाला काही लागत नाही. रोहू देखणा, डोकं आटोपशीर, पण वाढायला निवांत. मी ठरवलं, सायप्रिनसची मादी आणि रोहूचा नर यांचा संकर करायचा.

दोन जवळच्या जातींचा संकर झाला की काय होतं, ते दामूदादांना मी असं समजावलं होतं की आईचं घड्याळ पुढे आणि बापाचं मागे. पिल्लाच्या अंगातला काही भाग आईच्या घड्याळाने वाढतो, काही बापाच्या, आणि बरीचशी बिचारी या गोंधळातच संपतात. आमच्या पहिल्या खेपेत तसंच झालं. कोणाचा कणा वाकडा, कोणाला एकच डोळा, कोणाच्या हृदयाभोवती पाण्याचा फुगा, कोणाचा कल्ल्यावरचा पडदाच आलेला नाही. मच्छरदाणीच्या कापडाचा जो चौकोन आम्ही पाण्यात टांगतो, ज्याला हापा म्हणतात, त्याच्या तळाशी सकाळी पांढरा थर साचलेला असायचा. ते बघताना मला वाईट वाटायचं. सासूबाईंच्या भाषेत हे पापच होतं आणि त्या सकाळी मला त्यांच्याशी वाद घालता आला नसता.

पण जी मूठभर जगली, ती काय जगली! खात सुटली. कारण गंमत अशी की दोन घड्याळांच्या भांडणात त्यांचं जननेंद्रिय काही धड तयारच झालं नाही. वर्षाचा मासा चिरला तर गाबोळीच्या जागी दोन बारीक दोरे. म्हणजे ना प्रेम, ना अंडी, ना पोरंबाळं, जे खाल्लं ते सगळं अंगावर. आतडं आईबापांच्या मधल्या लांबीचं, त्यामुळे शेवाळं चालतं, किडे चालतात, भाताचा कोंडाही चालतो. डोकं कटल्याच्या जवळपासही नाही. मी सोनाराचा जुना तराजू मिळवला होता, त्यावर एकेक अवयव ठेवून तोलायची. यकृत, आतडं, हवेची पिशवी, ते दोन दोरे. शेजारी तुलनेला त्याच वयाचा कटला, रोहू आणि सायप्रिनस चिरलेला असायचा. मग प्रत्येकाचं 'उपयोगी' मांस एका परातीत आणि 'निरुपयोगी' माल, म्हणजे डोकी, गाबोळी, पोटातली चरबी, दुसऱ्या टोपात. माझ्या माशाच्या नावाने टोपात जवळजवळ काही पडत नसे. तो टोप बघून मला जो आनंद व्हायचा तो मला मुलगा झाला तेव्हाच्या खालोखाल होता.

टोप मी विहिरीशेजारच्या शेडमध्ये ठेवून द्यायची. संध्याकाळी निघताना तो रिकामा, घासलेला असायचा. काशीगावातली मांजरं फार गुणी, असं मी घरी सांगितल्याचंही आठवतं.

उरला चवीचा प्रश्न. तो मला अगदीच पडला नव्हता असं नाही. अहवालात 'चव' म्हणून रकाना होता आणि तो भरायला माझ्याकडे जीभ नव्हती. म्हणून मी शास्त्रशुद्ध सोय केली. दामूदादांची आई, सत्तरीची, काटक, नऊवारीचा काचा मारून चुलीशी बसणारी. तिला मी आजी म्हणायची. परातीतलं मांस तिच्याकडे द्यायचं, नवा मासा वेगळा शिजवायला सांगायचं, घरातल्यांनी खायचं आणि मत द्यायचं. आजी मला त्याच वेळी वेगळ्या, कधी माशाला न लागलेल्या पातेल्यात वालाची भाजी करून वाढायची. सून नाही, लेक नाही, आपल्या तळ्यावरची नोकरदार बाई, पण तिच्यासाठी पातेलं वेगळं ठेवलेलं. मी बामणीण म्हणून सतत कसल्या ना कसल्या उपासात असते, अशी तिची समजूत होती आणि मला ती मोडवली नाही.

दामूदादा बोटं चाटत म्हणायचे, "एक नंबर, मॅडम." धाकटे भाऊसुद्धा दुसऱ्यांदा कालवण घ्यायचे. आजी म्हणायची, "बरा हाय." मी रकान्यात लिहायची, उत्तम.

मग आला तो आषाढ. भावांनी दामूदादांना घेरलं होतं. बिल्डर घाईवर आला होता. शेवटी घरात ठरलं की खेपेमागून खेप काढून तळं मॅडमच्या नव्या माशांनी भरलंय, ते श्रावण लागायच्या आधी बाजारात काढायचं. पाऊस आहे, समुद्रातल्या बोटी किनाऱ्याला आहेत, लोक मासळीला वखवखलेले आहेत. यात गिऱ्हाईक तुटून पडलं तर तळं राहील. नाहीतर श्रावणातच कागद करायचे. दामूदादांनी मला हे सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तुमचा मासा आहे, मग काय, असं म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही टेम्पोतून मासे रफीकभाईंच्या पाटावर उतरवले. गुटगुटीत, एकसारखे, चकचकीत. मी मुलीला दाखवायला आणलेल्या आईसारखी बाजूला उभी. रफीकभाईंनी एक उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "मॅडम, इसका भेजा किसने खाया?" मी अभिमानाने सांगितलं की हेच तर वैशिष्ट्य आहे, डोकं लहान, वाया काही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुरा उचलला.

पहिल्या बाई बंगाली होत्या, आमच्याच पूनम सागरमधल्या. त्यांनी मासा हातात घेऊन विचारलं, "मुंडी किधर है?" ही एवढीच, म्हटल्यावर मासा खाली ठेवला. डाळीत घालायला डोकं पाहिजे होतं त्यांना. मागचा मल्याळी माणूस फक्त डोक्याच्या कालवणासाठीच आला होता. एकाने पोट चाचपलं आणि आत चरबी नाही म्हणून सोडून दिलं. शेजारी किनाऱ्यावरच्या पाली गावची एक कोळीण बसली होती, बोटी बंद म्हणून सुकट विकायला. तिने घरच्यासाठी एक घ्यायचं मनात आणलं, पोट फाडून बघायला सांगितलं. रफीकभाईंनी फाडलं. आत ते दोन दोरे. "याला गाबोली न्हाय?" तिने विचारलं. मी पुढे होऊन म्हटलं, नाही, मुद्दामच नाही, म्हणून तर अंगाला एवढं मांस आहे. ती बाई मला म्हणाली, "मंग यात खायाचा काय, बाय?"

त्या वाक्याने मला जागच्या जागी बसवलं. मी एवढ्या वर्षांत लोकांना जे हवं ते एकेक करून माशातून काढून टाकलं होतं. डोकं काढलं, गाबोळी काढली, चरबी काढली. मासा कधीही न खाल्लेल्या माणसाला चांगला मासा कसा असावा असं वाटेल? गुळगुळीत, बिनबियांचा, साल काढून फोडी कराव्यात असा. मी दुधीभोपळा तयार केला होता, त्याला फक्त कल्ले होते.

दुपारपर्यंत निम्मा माल तसाच होता. दामूदादांनी तो परत टेम्पोत चढवला. वाटेत ते एवढंच म्हणाले की लोकांना कळत नाही, खाऊन बघतील तेव्हा येतील. त्यांना अजून विश्वास होता. घरी आलो, आजीने त्यातलेच मासे चिरले आणि कालवण केलं. धाकटे भाऊही जेवायला बसले होते, निकाल ऐकायला. मी आपली दाराशी वालाची थाळी घेऊन.

दामूदादांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दामूदादांनी हळूच विचारलं, "आये, आज काय इसरलीस?"

"इसरली न्हाय," आजी म्हणाली. "आज मॅडमचे टोपान मुंडकी न्हवती."

मी विचारलं, कुठली मुंडकी. मग आजीने सांगितलं, अगदी सहज. मी दर वेळी शेडमध्ये टोप ठेवून जायची, त्यातली कटल्याची डोकी, सायप्रिनसची गाबोळी, पोटातली चरबी ती उचलायची आणि त्याचं कालवण करून माझ्या माशाचे तुकडे त्यात सोडायची. एवढा चांगला जिन्नस मॅडम टाकते, तो वाया कशाला घालवायचा, म्हणून. आज बाजारात नुसते नवेच मासे नेले होते, तुलनेला दुसरे चिरलेच नव्हते, त्यामुळे टोपात काही नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या माशाला जी चव होती, ती मी टाकलेल्या मालाची होती. मांजरांचा यात काहीच हात नव्हता.

धाकटा भाऊ हसायला लागला. मग मधला. मग दामूदादासुद्धा हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं आणि ते ताटावरून उठून तळ्याकडे गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार? मी विहिरीवर गेले, डोक्यावर पाणी ओतलं आणि मनसोक्त रडले. आंघोळ करताना रडण्याचा फायदा असा की घरी कोणी डोळे लाल का म्हणून विचारत नाही.

यापुढचं श्रेय माझं नाही, आणि त्यातही थोडी थट्टाच आहे. धाकट्या भावाने उरलेले मासे फेकण्यापेक्षा म्हणून हायवेवरच्या एका ढाब्यावर टाकले. दोन दिवसांनी ढाब्याचे सरदारजी स्वतः तळ्यावर हजर. त्यांच्याकडे हायवेने जाणारी कुटुंबं यायची, निम्म्यांना मासा खायची हौस पण माशाकडे बघायची भीती. डोळे नकोत, डोकं नको, अंडी नकोत, वास नको. वरून मसाला थापला की झालं. सरदारजी खूश होऊन म्हणाले, "एकदम पनीर है जी." शाकाहारी बाईने केलेल्या माशाला त्याचं गिऱ्हाईक सापडलं ते असं. सरदारजींनी दर आठवड्याचा माल बांधून घेतला आणि भावांना कागद पुढे ढकलावे लागले. माझ्या चुकीवर ते तळं पुढे काही वर्षं जगलं. दामूदादा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. उलट कोणी पाहुणा आला की सांगायचे, हा मासा मॅडमचा, हॉटेलात जातो. आजी मात्र त्या दिवसापासून टोप उघडपणे माझ्या हातातून घेऊ लागली.

पण पुढे ढकललेलं एक दिवस पुढे येतंच. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला भावांची मुलं मोठी झाली, ढाबा मोडून तिथे मोठं हॉटेल आलं, तळ्याच्या तिन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांचं सांडपाणी पाझरून पाण्याला वास यायला लागला. मासे सकाळी वर येऊन तोंडं उघडू लागले. दामूदादांचे गुडघे गेले होते. कागदावर सही करताना ते म्हणाले, तळ्यालाच आता जगवत नाही, मी कुठे भांडू.

शेवटच्या दिवशी पंप लावून पाणी उपसलं. मी बोलावणं नसताना गेले. सासूबाई तेव्हा वारून वर्ष झालं होतं, तरी पिशवीत आंघोळीचे कपडे होते, सवयीने. तळाच्या चिखलात जाळं ओढलं तेव्हा माझे दुधीभोपळे पुष्कळ निघाले. आणि त्यांच्यात एक कटला निघाला. आम्ही पहिल्या वर्षी बीजासाठी आणलेल्यांपैकी, कधी जाळ्यात न सापडलेला. म्हातारा, काळपट, आणि डोकं इतकं मोठं की दोन माणसांनी धरून वर आणला. मी आयुष्यभर ज्या डोक्याला नावं ठेवली, तेच ते.

आजी आता वाकली होती, पण चुलीशी तीच. बांधाजवळ तीन दगड मांडून तिने ते कालवण केलं. मी सवयीने दाराशी बसावं तशी थोडी लांब बसले. तिने ताट वाढलं ते माझ्यापुढे आणून ठेवलं. वाल नव्हते. ताटात ते डोकं होतं.

"आजचे दिस मना येगलं पातेलं घालाया सांगू नको, बाय," ती म्हणाली. "आमचे घरान डोकं पावन्याला वाडतात."

मी तिच्याकडे बघितलं, दामूदादांकडे बघितलं. ते खाटेवर बसून पंपाकडे बघत होते. मग मी बोटांनी गालाजवळचं मांस काढून तोंडात घातलं. काय लागलं ते मला नीट लिहिता येणार नाही. माझ्याकडे त्याचे शब्द नाहीत, मी ते जमवलेच नाहीत. एवढं कळलं की मी दहा वर्षं जे काढत होते ते हे होतं. मला रडू यायला लागलं आणि मी खात राहिले.

डोकं अर्धंमुर्धं संपवून मी ताट बाजूला ठेवलं, तर आजीने ते परत ओढलं. तिने कवटी हातात घेतली, मागच्या बाजूने अंगठ्यांनी दाबली आणि फोडली. बरोबर तिथेच, जिथे मी रफीकभाईंच्या स्टुलावर बसून चिमटा घालायची. आत मेंदू होता, चरबी होती, आणि त्याखाली कुठेतरी ती मोहरी असणार. या वेळी मी ती शोधली नाही.

"अजून हाय याच्यान," आजी म्हणाली. "चोक."

मी कवटी तोंडाला लावून शेवटपर्यंत चोखली. मग तळ्याकडे बघायला मान वर केली, तेव्हा पंप बंद झालेला होता.